सायलेन्सरवरचे अकरा आकडे

१

सायलेन्सरवर क्रमांक नव्हता.

निरीक्षक साहेबांनी उकिडवं बसून एकदा पाहिलं. बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायची त्यांना गरज वाटली नाही. ते उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि तपासणीच्या कागदावर शेवटच्या रकान्यात फुली मारली.

"साहेब, होता हो तिथे," मोटारसायकलची मालकीण म्हणाली. "बसवला त्या दिवशी मी स्वतः वाचलाय. अकरा आकडे होते."

"मग आज वाचून दाखवा."

ती वाकली. त्या चकचकीत नळकांड्यात तिला फक्त स्वतःचा चेहरा दिसला, लांबट आणि घाबरलेला.

छोट्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून मोठ्या प्रयोगशाळेत पोचवणं हे तिचं काम. म्हणून सगळे तिला नमुनेवालीच म्हणत. गाडी स्वतःची हवी आणि तिचे कागद स्वच्छ हवेत, ही नोकरीची पहिली अट. तीन महिन्यांपूर्वी गाडीचा मूळ सायलेन्सर गंजून फुटला. तसला बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलेलं, म्हणून तिने बाहेरच्या कंपनीचा बसवून घेतला. बाहेरचा बसवणं हा काही गुन्हा नाही. फक्त अटी चार. प्रमाणपत्र त्याच मॉडेलच्या गाडीचं हवं. आवाज गाडीच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याच्या आत हवा. आतली आवाज अडवणारी जाळी रिवेट मारून पक्की केलेली हवी. आणि मान्यता क्रमांक सायलेन्सरच्या अंगावर कोरलेला, काहीही न खोलता वाचता येईल असा हवा.

पहिल्या तिन्ही अटींत गाडी पास झाली होती.

"क्रमांक नाही म्हणजे सायलेन्सर बनावट," साहेब म्हणाले. "खरा दाखवून कागद करायचे, मग तो काढून भलताच ठोकायचा. रोज बघतो आम्ही. गाडी इथेच राहील. शुक्रवारी अकरा वाजता फेरतपासणी. तोपर्यंत काही सिद्ध केलंत तर ठीक, नाहीतर नोंदणी सहा महिने बंद."

आज बुधवार होता. आणि प्रयोगशाळा सहा महिने सोडाच, सहा दिवससुद्धा थांबली नसती.

२

फेरतपासणीचं टेबल जिन्याखाली होतं. वरून कुणी धाडधाड उतरलं की कागदांवर चुन्याचे पोपडे पडत. तिथे बसणाऱ्या कारकून बाईंना वाहन कायद्याची सगळी कलमं तोंडपाठ, म्हणून अख्खी कचेरी त्यांना कलमबाई म्हणायची. त्यांनी स्वतःला एक नेम घालून घेतला होता. कचेरीत आवाज चढवायचा नाही. तेवीस वर्षं तो पाळला होता, आणि तो मोडायची एक तरी संधी कचेरी त्यांना रोज देत असे.

नमुनेवाली त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पहिल्या खिडकीने तिला दुसरीकडे पाठवलं होतं, दुसरीने जेवणाची वेळ सांगितली होती, तिसरीने पहिल्या खिडकीचा शिक्का मागितला होता.

"बाई, आता तुम्ही कुठे पाठवणार ते एकदाच सांगा," ती म्हणाली. "म्हणजे मी रडायचं ते तिथे जाऊन रडते."

"बस आधी. पाणी पी." कलमबाईंनी कागद पुढे ओढला. वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या. "आवाजाची मर्यादा एकोणनव्वद आणि मोजला शहाऐंशी? मग तुला तपासणीला बोलावलं कशासाठी?"

"शेजारच्या घड्याळकाकांची तक्रार. मोटारसायकलचा आवाज सहन होत नाही म्हणे. तीन महिन्यांत सात अर्ज केलेत."

"आणि क्रमांक कुणी घालवला?"

"दादाने," ती लगेच म्हणाली. "माझ्या भावाने. गेल्या वर्षी मी गाडीवरून पडले तेव्हापासून गाडी वीक, गाडी वीक लावलंय. दुसरी चावी त्याच्याकडेच असते. काल मी फोनवर सांगितलं की तपासणीला बोलावलंय, तर म्हणतो, बरं झालं."

कलमबाई उठून आवारात गेल्या आणि गाडीपाशी वाकल्या. चार बोटं रुंदीच्या एका लोखंडी पट्ट्याने सायलेन्सर गाडीला धरला होता. त्याच्या मागे, जिथे क्रमांक असायला हवा होता, तिथला धातू आरशासारखा होता. चष्म्याच्या काडीवरचा स्क्रूसुद्धा त्यात दिसत होता. कानशीने घासलं असतं तर रेघा पडल्या असत्या. इथे एकही रेघ नव्हती. मग त्या गाडीच्या पलीकडे गेल्या आणि चाकाच्या बाजूने सायलेन्सर पाहिला. त्या बाजूला तो धुरकट होता, उष्णतेने निळसर पडलेला, चिखलाच्या ठिपक्यांनी भरलेला.

"एकाच सायलेन्सरला दोन तोंडं," त्या पुटपुटल्या. मग वळून म्हणाल्या, "हे बघ, कलम नऊ. सायलेन्सर तोच आहे हे सिद्ध झालं आणि क्रमांक झिजून गेला असेल, तर कंपनीचा माणूस तो परत कोरून देऊ शकतो. पण दोन गोष्टी लागतात. तोच आहे याचा पुरावा. आणि ज्याच्या हातून क्रमांक गेला, त्याच्या सहीचा जबाब."

"दादा सही करेल? तो माझ्या लग्नाच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करायला दोन महिने लावणारा माणूस आहे. लग्नच मोडलं तोवर."

"आधी सायलेन्सर तोच आहे का ते बघू," कलमबाई म्हणाल्या. "तो नसेल, तर मग दादाही नको आणि मीही नको."

३

सायलेन्सर बसवणारा मेकॅनिक वस्ताद या नावाने ओळखला जाई. गुरुवारी सकाळी कलमबाई त्याच्या गॅरेजात शिरल्या तेव्हा तो एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

"कचेरीतून आलात? मग मी नाही केलं."

"काय नाही केलंस?"

"जे काही झालं असेल ते."

"तू खरा सायलेन्सर काढून ठेवलास आणि हिच्या गाडीला बनावट लावलास, असं साहेबांचं म्हणणं आहे."

वस्तादने हात बाहेर काढला. "बाई, माझी बायको म्हणते मी आळशी आहे. बनावट माल शोधायचा, रंगवायचा, लपवायचा, केवढे कष्ट! खरा लावला की चार नट आवळले आणि घरी."

"बोलणं चालणार नाही. पुरावा आहे?"

त्याने भिंतीवर टांगलेल्या तारेतून कागदांचा गठ्ठा उतरवला. प्रत्येक कागदावर शिसपेन्सिलीने काळा केलेला एकेक चौकोन होता. "नोंदणीला चासी नंबरचा ठसा देतो ना आपण? कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, आकडे उठतात. मला सवयच लागली. जे बसवतो त्याचा ठसा घेऊन ठेवतो. तुमच्या कचेरीने छळून छळून शहाणं केलंय."

गाडीचा नंबर लिहिलेला कागद सापडायला अर्धा तास गेला. तोवर कलमबाईंनी तीनदा घड्याळ पाहिलं, आणि दोनदा त्यांच्या तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. शेवटी कागद हातात आला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अकरा आकडे, सगळेच्या सगळे.

"हा कुठल्याही सायलेन्सरचा असू शकतो, असं म्हणतील साहेब," त्या म्हणाल्या.

"म्हणतील ना! म्हणणं हेच त्यांचं काम." वस्तादने काळं बोट कागदाच्या कडेला टेकवलं. आकड्यांच्या उजवीकडे अर्ध्या चंद्रासारखा आणखी एक ठसा उमटला होता. "हे रिवेटचं डोकं. मारताना तिरकं बसलंय, एक कड तुटलीय. हजारात असं एक निघेल."

कलमबाई तो कागद घेऊन आवारात परत आल्या. रिवेटवर कागद धरला. तिरकं डोकं, तुटलेली कड, सगळं बरोबर जुळलं. सायलेन्सर तोच होता.

म्हणजे बनावटीचा आरोप संपला. आणि दुसरा, जास्त अवघड प्रश्न सुरू झाला. तोच सायलेन्सर, तीच जागा, पण आकडे गेले. कुणीतरी तिथे बसून, वेळ काढून, नीट हात चालवून ते घालवले होते.

४

घड्याळकाकांचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. डोळ्याला भिंग, समोर दिवा, टेबलावर पोटं उघडी टाकलेली घड्याळं. भिंतीपलीकडे नमुनेवालीच्या घराची पत्र्याची शेड होती. तिथेच तिची मोटारसायकल उभी राहायची.

"आठवा अर्ज लिहितोय," काका मान वर न करता म्हणाले. "तुम्हाला वाचून दाखवू?"

"आवाज कधी होतो तेवढं सांगा."

त्यांनी वही पुढे सरकवली. तारीख, वार, वेळ, सगळं बारीक अक्षरात. दर मंगळवारी आणि दर शनिवारी, सकाळी दहा ते साडेदहा.

"रोज नाही होत?"

"रोज सकाळी ती गाडी काढते तेव्हा फट् फट् करून निघून जाते. त्याचं काही नाही. पण हे मंगळवार-शनिवारचं! उभ्या जागी गाडी रेस करत बसतात. एकसुरी, भणभण भणभण. मधेच दाबल्यासारखा आवाज जड होतो, परत बारीक होतो. सेकंदकाट्याचा स्क्रू धरलेला असतो मी चिमट्यात. असा उडतो! परवाचा अजून सापडला नाही."

"तुम्ही कधी पलीकडे जाऊन पाहिलंत?"

"पाहायचं कशाला? कान आहेत की. मोटारसायकलवालीच्या शेडमधून आवाज येतो, तो काय शिलाई मशीनचा असणार?" काकांनी भिंग काढलं. "आणि तुम्ही सरकारी आहात तर हेही लिहून घ्या. वीज कंपनीलाही मी चार पत्रं धाडलीत. काम ऐन रंगात आलं की दिवा मिणमिणतो. बरोबर त्याच वेळी! वर आवाज, खाली अंधार. सगळं जग माझ्या मुळावर उठलंय."

"बरोबर त्याच वेळी?" कलमबाईंनी विचारलं.

"वहीत आहे. शेवटचा रकाना."

शेवटच्या रकान्यात प्रत्येक मंगळवारी आणि प्रत्येक शनिवारी एकच शब्द होता. दिवा.

"क्रमांक गेल्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"कसला क्रमांक?"

कलमबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे खरोखरच चिडचिडीशिवाय काही नव्हतं. त्या उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "आठवा अर्ज आज देऊ नका, काका."

"का?"

"उद्या कदाचित दुसऱ्या माणसाच्या नावाने द्यावा लागेल."

५

"मंगळवारी आणि शनिवारी?" नमुनेवालीने दार उघडून विचारलं. "त्या दिवशी तर मी गाडी नेतच नाही. प्रयोगशाळेत नोंदींचं काम असतं, त्यांची व्हॅन येते न्यायला."

"म्हणजे गाडी घरी आणि तू बाहेर. पेट्रोल जास्त लागतंय का अलीकडे?"

"अजिबात नाही. गेल्या वर्षी जेवढं लागायचं तेवढंच."

कलमबाई नुसत्या मान हलवून आत आल्या. खोली लहान पण लखलखीत होती. दाराची कडी, खिडकीचे गज, कपाटाच्या मुठी, नजर टाकावी तिथे धातू हसत होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत नमुनेवालीचे वडील बसले होते. हातात मऊ कपडा, मांडीवर एक कुलूप. अडतीस वर्षं त्यांनी नळ बनवण्याच्या कारखान्यात पॉलिशचं काम केलं होतं. डोळे अधू झाले आणि त्यांना घरी बसवण्यात आलं.

"या, या," ते आवाजाच्या दिशेने म्हणाले. "पोरीची गाडी कधी सुटणार?"

"सुटेल, बाबा," नमुनेवाली म्हणाली. "ज्याने केलं त्याने तोंड उघडलं की सुटेल."

"माझ्याकडे बघून बोल ना!" खिडकीपाशी उभा असलेला दादा म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा आणि दुपारच्या फेरीआधी मुद्दाम आला होता. "बाई, हिला सांगा. मला गाडी बंद पाडायची असती तर मी साखळी काढून नाल्यात टाकली असती. आकडे खरवडत बसायला मला काय दुसरा उद्योग नाही?"

"बरं झालं कोण म्हणालं मग?"

"म्हटलं! तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये घालून घरात पडून होतीस. उशाशी कोण बसलं होतं? वाटलं, सुटलो एकदाचे. म्हणजे मी चोर?"

"ओरडू नका," बाबा म्हणाले. "बाहेरच्या बाई आल्यात."

"ओरडू द्या त्यांना," कलमबाई म्हणाल्या. "मला जरा हात धुवायचेत. वस्तादच्या कागदाने काळे झाले."

मोरीत दोन नळ होते. त्यांनी डावा सोडला आणि चटकन हात मागे घेतला. पाणी चांगलंच कढत होतं.

"अगं बाई! थंड कुठला?"

"उजवा," नमुनेवालीने बाहेरून सांगितलं. "सवयीने कळतं. खुणा केव्हाच गेल्या."

कलमबाईंनी मुठींवरून बोट फिरवलं. लाल-निळी खूण जिथे असते तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत आणि स्वच्छ.

बाहेर येऊन त्यांनी सहज विचारलं, "बाबा, गाडी तुम्हीच पुसता का?"

"कपडा मारतो," बाबा म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले. "नुसता कपडा."

"मशीन होती त्यांची," नमुनेवाली म्हणाली. "हातात धरायची, कापडी चाकाची. पण डोळ्यांत धूळ जाते म्हणून डॉक्टरांनी बंद केली. गेल्या वर्षीच भंगारात दिली. ना हो बाबा?"

"हं," बाबा म्हणाले आणि कुलपाला जोरात कपडा मारू लागले.

दादा कलमबाईंना दारापर्यंत सोडायला आला. "बाई, काय व्हायचं ते होऊ दे, पण बाबांसमोर हे सगळं नको. घरी बसल्यापासून माणूस भिंतीकडे बघत बसायचा. आत्ता कुठे दोन-तीन महिन्यांत जरा बोलायला लागलेत."

कलमबाई पायरीवरच थांबल्या.

"तीन महिन्यांत," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी साडेपाचला परत या. बहिणीलाही थांबवून ठेवा. आणि कृपा करून तोवर भांडू नका. मला अजून एक वस्तू आणायचीय."

६

साडेपाचला त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं लांबट ओझं होतं. त्यांनी नमुनेवालीला आणि दादाला खुणेनेच दारापाशी उभं केलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि बाबांच्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"बाबा, तुमच्याकडे एक काम आणलंय. कारखान्यात माल तयार झाला की नाही, ते तुम्ही कसं ओळखायचात?"

बाबांचा चेहरा उजळला. "डोळ्यांनी ओळखतो तो कच्चा. डोळा फसतो. डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख फिरवायचं. नख कुठेही अडायला नको. अडलं की माल परत. अडतीस वर्षांत माझा एक नळ परत आला नाही."

कलमबाईंनी गोणपाट सोडलं आणि वस्तादकडून आणलेला नवाकोरा सायलेन्सर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा. "हा तयार आहे का सांगा."

बाबांनी डोळे मिटले. अंगठा एका टोकापासून निघाला. सावकाश, ठरल्या वेगाने, मध्ये कुठेही न थांबता तो पुढे सरकत गेला. पट्ट्याची जागा ओलांडली. आणि थांबला. मागे आला. परत थांबला.

"इथे ओरखडे आहेत," बाबा म्हणाले. "बारीक आहेत, पण आहेत. एका ओळीत. पोरीच्या गाडीलाही बरोबर इथेच होते. बसवणाऱ्याने हयगय केलेली. काढले मी सगळे. याचेही काढून देतो, तीन-चार बैठका लागतील."

दारापाशी काहीतरी आपटलं. नमुनेवालीचा हात चौकटीवर आपटला होता.

"कुणाय?" बाबांनी विचारलं.

बाबांचा अंगठा अजून तिथेच होता. तो पुन्हा त्या ओरखड्यांवर आला, आणि या वेळी सरळ न जाता खाली-वर फिरला, एकेका ओरखड्याचा आकार शोधत. एक उभी रेघ. एक वाटोळं. पुन्हा एक वाटोळं.

"हे आकडे आहेत," बाबा म्हणाले.

"अकरा," कलमबाई हळूच म्हणाल्या.

मग दादाने विचारलं, "पण बाई, तुम्हाला कसं कळलं?"

"काकांच्या दिव्यावरून. मोटारसायकल रेस केली म्हणून शेजारचा दिवा मिणमिणत नाही. विजेवर चालणारं काहीतरी हवं. शिवाय गाडी तीन महिने आठवड्यातून तासभर उभी फुरफुरली असती, तर पेट्रोल वाढलं असतं. म्हणजे आवाज गाडीचा नव्हताच. तो फक्त ही घरी नसताना व्हायचा, म्हणजे करणाऱ्याला तो हिच्यापासून लपवायचा होता. आणि दाबलं की आवाज जड होतो म्हणे. धातूवर चाक टेकवलं की तसंच होतं. मग मोरीतल्या नळांनी मला कढत पाण्याने सगळं सांगितलं."

"मशीन भंगारात दिली म्हणाला होतात," नमुनेवाली म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "बाबा, सात अर्ज आले माझ्या नावाने! मी चार वेळा गाडी तपासून आणली. या माणसाला दोन दिवस चोर ठरवलं मी!"

"पेटीखाली ठेवलीय," बाबा म्हणाले. "तू पडलीस ना गाडीवरून. नंतर नवीन नळकांडं आणलंस. म्हटलं, निदान ते तरी नीट गुळगुळीत करून द्यावं..." त्यांनी सायलेन्सर मांडीवरून ढकलला. "अडतीस वर्षं एक नग परत आला नाही. आणि घरचाच आला."

नमुनेवाली दादाकडे वळली. काही बोलायला तोंड उघडलं.

"राहू दे," दादा म्हणाला. "उद्या सकाळची फेरी दुसऱ्याला देतो. कचेरीत बाबांना धरून न्यायला माणूस लागेल."

"नेऊन उपयोग व्हायला हवा," कलमबाई म्हणाल्या. "मुद्दाम घालवला असं साहेबांना वाटलं, तर कलम नऊ लागू होत नाही. आणि त्यांना सगळं मुद्दामच वाटतं."

७

शुक्रवारी अकराला बोलावलेल्यांना निरीक्षक साहेबांनी पाऊण तास बाहेर बसवलं. मग वस्तादचा ठसा उलटसुलट पाहिला, खाली जाऊन रिवेटशी ताडून पाहिला, वर येऊन पुन्हा पाहिला.

"सायलेन्सर तोच आहे. हे मान्य," ते नाराजीने म्हणाले. मग छापील अर्जावर बोट ठेवलं. "झिजेचं कारण. उष्णता, दगड, गंज, अपघात. यांतलं काय?"

"वडिलांनी पॉलिश केलं," नमुनेवाली म्हणाली.

"यात वडील नाहीत."

"खाली 'इतर' आहे, साहेब," कलमबाई म्हणाल्या.

"तिथे आजवर कुणी काही लिहिलेलं नाही."

"छापून ठेवलंय म्हणजे लिहायलाच असणार."

साहेबांनी पेन ठेवलं. "बाई, उद्या जो तो येईल आणि म्हणेल, माझ्या वडिलांनी पुसला. तीन महिने घासायचं आणि आपण क्रमांक घासतोय हे कळत नाही? कोण विश्वास ठेवेल? मुद्दाम केलंय. सहा महिने."

कलमबाईंच्या गळ्याशी तेवीस वर्षांचं सगळं एकदम आलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं, आणि त्या गप्पच राहिल्या.

बाबा टेबलाच्या कडेला उभे होते. कोपर धरायला दादा होताच. दुसरा हात कुठे ठेवावा हे न कळल्यामुळे त्यांनी तो टेबलावर टेकवला होता, आणि हाताखाली साहेबांच्या नावाची पितळी पाटी आली होती. कोरलेली नवीकोरी अक्षरं. बाबांचे डोळे मिटले. अंगठा पाटीच्या डाव्या टोकापासून निघाला, पहिल्या अक्षरावर अडला, मागे आला. त्यांनी नापसंतीने जीभ टाळ्याला लावून च्च् केलं. मग खिशातून मऊ कपडा काढला, बोटाला गुंडाळला आणि साहेबांच्या नावावर घासायला सुरुवात केली.

"अहो! अहो, काय करताय!" साहेबांनी झडप घालून पाटी ओढून घेतली. "माझं नाव आहे त्याच्यावर!"

बाबा दचकले. हात हवेतच राहिला. "माफ करा. सवय आहे. खरखरीत लागलं."

खोलीत कुणी हसलं नाही. दादा छताकडे बघत होता. साहेब पाटी छातीशी धरून उभे होते. त्यांनी म्हाताऱ्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग अर्जाकडे. खाली बसून पाटी खणात ठेवली, खण लावला आणि पेन बाबांच्या हातात दिलं.

"'इतर'च्या पुढे लिहा. काय झालं ते."

नमुनेवालीने बोट धरून जागा दाखवली. बाबांनी मोठ्या, तिरक्या अक्षरांत लिहिलं: आकडे मला ओरखडे वाटले. मुलीला माहीत नव्हतं. मुलाचाही काही संबंध नाही. खाली सही केली आणि विचारलं, "पोरीची नोकरी राहील ना?"

"पंधरा दिवसांत क्रमांक कोरून दाखवा," साहेब म्हणाले. "तोवर या कागदावर गाडी चालेल." शिक्का मारून झाल्यावर ते हळूच पुढे म्हणाले, "आणि यांना गाडीपासून लांब ठेवा."

ते मात्र झालं नाही. कंपनीच्या माणसाने क्रमांक कोरून दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टी असल्याने नमुनेवाली घरीच होती. मशीन दादाने आपल्या घरी नेऊन ठेवली होती आणि घड्याळकाकांच्या वहीचा शेवटचा रकाना दोन आठवडे कोरा होता. शेडमध्ये बाबा स्टुलावर बसून नुसत्या कपड्याने गाडी पुसत होते. नमुनेवाली दारात उभी राहून बघत होती. बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते जड जात होतं.

कपडा टाकी पुसून खाली आला, सायलेन्सरवर आला, पट्ट्यापर्यंत आला. बाबांनी डोळे मिटले. अंगठ्याचं नख पट्ट्याच्या मागे सरकलं आणि अडलं. ते अकरा वेळा अडेपर्यंत त्यांनी हात फिरवला. मग कपड्याची घडी बदलली आणि तेवढी चार बोटं जागा सोडून पुढचं पुसायला घेतलं.